महिना उलटला तरी जुलाब थांबत नसतील तर

दिवसातून तीन किंवा त्याहून जास्त वेळा पातळ होत असेल आणि हे चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर ते जुनाट जुलाब. पावसाळ्यात पाणी बाधलं किंवा बाहेरचं खाणं सोसलं नाही म्हणून होणारे जुलाब बहुधा आठवडाभरात आपसूक थांबतात. महिना उलटल्यावर जंतुसंसर्ग हे बऱ्याच कारणांपैकी फक्त एक कारण उरतं. तरीही मुंबईत सर्रास होतं ते असं: नाक्यावरच्या मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल या अँटिबायोटिकची पट्टी आणायची, पाच दिवस घ्यायची, जरा बरं वाटलं की सोडायची, परत सुरू झालं की परत पट्टी. यात आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि कधीकधी सी-डिफिसिल हा जंतू माजून जुलाब आणखी वाढतात. शौचाच्या तपासणीत जे दिसायला हवं होतं तेही दिसेनासं होतं. कारण कळेपर्यंत स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

सुरुवात वहीपासून करा. दोन आठवडे रोज लिहा: किती वाजता झालं, कसं होतं (पाण्यासारखं, शेणकाल्यासारखं की तेलकट), रक्त किंवा आव होती का, रात्री झोपेतून उठावं लागलं का, त्याआधी काय खाल्लं, दुधाचे चहा किती झाले. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन करा. मात्र रक्त, ताप किंवा घटतं वजन दिसत असेल तर वही पूर्ण होण्याची वाट न बघता डॉक्टर गाठा.

या वहीतून निम्मं निदान होतं. सकाळी लोकल गाठायच्या आधी तीन-चार फेऱ्या, शौचानंतर पोटदुखी कमी, रात्री शांत झोप आणि वजन जागच्या जागी, असं असेल तर बहुधा आयबीएस, म्हणजे आतड्याला सूज नसताना त्याचं काम बिघडणं. रात्री झोपमोड करणारे जुलाब मात्र आयबीएस म्हणून सोडून देऊ नयेत. थोडं थोडं, रक्त-आव पडून आणि सारखं कुंथावंसं वाटत असेल तर मोठ्या आतड्याला सूज आहे का ते बघावं लागतं. भरपूर, फिकट, तेलकट, घाण वासाचं आणि पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहणारं शौच म्हणजे अन्नातली चरबी पचत नाही. तिथे स्वादुपिंडाचे आजार, सिलियाक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारी इजा) आणि जिआर्डिया (पाण्यातून येणारा परजीवी) यांचा विचार होतो. उजव्या बाजूला खालच्या पोटात दुखणं, संध्याकाळी कणकण, वजन घटणं ही लक्षणं असतील तर आपल्याकडे आतड्याचा टीबी आधी मनात आणायचा. छातीचा एक्सरे स्वच्छ असला तरीही तो असू शकतो.

मग औषधांचा डबा उघडा. मधुमेहाची मेटफॉर्मिन हे जुलाबांचं फार नेहमीचं कारण आहे. हळूहळू विरघळणारी एसआर गोळी बदलून घेतली की अनेकांचा त्रास कमी होतो, पण बदल डॉक्टरांनीच करायचा. मॅग्नेशियम असलेली अँटासिडं, थायरॉक्सिन या थायरॉइडच्या गोळीचा जास्त डोस, पोट साफ करणारी चूर्णं, शुगर-फ्री गोळ्यांतलं सॉर्बिटॉल हेही तपासा. पित्ताशय काढल्यानंतर जुलाब लागले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यात पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि त्यावर वेगळं औषध आहे.

तपासण्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी), थायरॉइड, साखर, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), एचआयव्ही आणि सिलियाकसाठी टीटीजी-आयजीए (सोबत एकूण आयजीए) या रक्तातून होतात. टीटीजीच्या आधी गहू बंद करू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. शौचाचा नमुना एकदाच देऊन भागत नाही. जिआर्डियासाठी वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावे लागतात. नमुना कोरड्या भांड्यात किंवा प्लॅस्टिकवर धरा, लघवी आणि पाणी मिसळू देऊ नका, आव किंवा रक्त असलेला भाग डबीत घ्या आणि शक्यतो तासाभरात लॅबमध्ये पोचवा. घरी येणाऱ्या लॅबच्या माणसाकडे दिलेली डबी पिशवीत तीन-चार तास फिरली तर जिवंत परजीवी ओळखता येत नाहीत.

फीकल कॅलप्रोटेक्टिन ही शौचाची तपासणी आयबीएस आणि आतड्याची सूज यांतला फरक दाखवते. ५० (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम) च्या खाली आलं तर सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर गेलं तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. मधलं आलं तर पुन्हा करतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामकांनीही हा आकडा वाढतो.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, आतडं वरवर चांगलं दिसलं तरी तुकडे काढून तपासायला हवेत. काही प्रकारची सूज सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. टीबी आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) हे दोन आजार दिसायला इतके सारखे की तुकड्यांची टीबीसाठीही तपासणी लागते. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत पोटविकाराचे स्वतंत्र विभाग आहेत. टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात.

दुधाची शंका असेल तर दोन आठवडे चहातल्या दुधासकट दूध, मावा, पेढे, आइस्क्रीम बंद करा, मग एक कप दूध पिऊन बघा. दही-ताक बऱ्याच जणांना सोसतं. सिलियाक पक्का ठरल्यावर गहू, मैदा, रवा आणि जव कायमचे सुटतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी चालते. पण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सगळं पाळूनही फरक पडत नसेल तर आधी फोडणीचा डबा तपासा.

कारण शोधताना अंगातलं पाणी टिकवा. ओआरएसची पाकिटं दोन मापांत मिळतात, एक लिटरची आणि २०० मिलीची; मोठं पाकीट पेल्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन धोका होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा (चमचा चहाचा, ५ मिलीचा). जास्त साखरेची तयार गोड पेयं ओआरएसची जागा घेत नाहीत. पिण्याचं पाणी खळखळून उकळा, कारण जिआर्डिया क्लोरिनला सहज दाद देत नाही. सोसायटीची टाकी कधी धुतली तेही विचारा.

लोपरामाइड २ मिलिग्रॅम हे जुलाब थांबवणारं औषध प्रवासापुरतं सोयीचं आहे, कारण लोकलच्या डब्यात संडास नसतो. रक्त किंवा ताप असेल तर ते मुळीच घेऊ नका, आणि रोज घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. आयबीएसमध्ये चमचाभर इसबगोल पाण्यातून घेतल्याने शौच बांधून येतं. कांदा, लसूण आणि वाटाण्या-छोल्याची उसळ तीन आठवडे कमी करून, मग एकेक परत सुरू करून बघा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कपड्यात थोडं थोडं पातळ होत असेल तर आधी गुदाशयात कडक मळाचा खडा अडकला आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. खड्याच्या बाजूने पाणी झिरपत असतं. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी दिली तर आतडं तुंबतं.

लघवी सहा-आठ तास झाली नाही, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, शौच काळं डांबरासारखं झालं किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.