दुकानाचा हिशेब संगणकावर की क्लाउडवर? या चुका टाळा

गल्ल्यावरच्या संगणकात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि तिचा फोल्डर गुगल ड्राइव्हमध्ये. “म्हणजे आमचं सगळं क्लाउडवरच झालं ना?” म्हापशापासून फोंड्यापर्यंत दुकानदार मला हे विचारतात. नाही झालं. टॅली तुमच्याच संगणकावर चालते, ड्राइव्हवर जाते ती फाइलची नक्कल. क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम आणि डेटा दोन्ही कंपनीच्या सर्व्हरवर असतात, तुम्ही ते ब्राउझरमधून वापरता.

हा घोळ सगळ्यांत महागात पडतो. बिलं चालू असतानाच फाइल अर्धवट वर जाते. तोच फोल्डर घरच्या लॅपटॉपवरही उघडला, की एकाची नोंद दुसऱ्यावर चढते आणि डेटा उघडेनासा होतो. शिवाय सिंक, म्हणजे फोल्डर आणि ड्राइव्ह आपोआप एकसारखे राहणं, हा बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते, मग कायमची जाते. म्हणून चालू डेटा साध्या फोल्डरमध्ये ठेवा. दुकान बंद करताना प्रोग्राममधूनच बॅकअप घ्या आणि तारीख घातलेली ती फाइल ड्राइव्हवर चढवा. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्या, ती गल्ल्याच्या खणात ठेवू नका. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघाच. तो उघडत नसेल तर ते ऐन चतुर्थीच्या गर्दीत कळायला नको.

पावसात वीज जाऊन आली, की दुसऱ्या काउंटरच्या संगणकाला डेटा असलेला मुख्य संगणक सापडत नाही. लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात, पण दुकानातल्या दुकानात दोन संगणक जोडायला इंटरनेट लागतच नाही. मुख्य संगणक चालू असेल, तर बहुतेक वेळा राउटरने त्याला नवा आयपी पत्ता (नेटवर्कमधला ओळख क्रमांक) दिलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा.

क्लाउडवाल्यांनी राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा आणि वेगळ्या कंपनीचं सिम हाताशी ठेवावं. सॉफ्टवेअर उघडत नसेल तर आधी मोबाइल डेटावर उघडून बघा. उघडलं तर बिघाड तुमच्या लाइनचा.

सत्तरी तालुक्यातल्या गावात एकच गल्ला असेल, तर मी आजही संगणकावरचंच सॉफ्टवेअर सुचवतो. पणजी आणि मडगाव अशा दोन शाखा असतील तर क्लाउड. मात्र खातं मालकाच्याच ईमेल आणि मोबाइलवर उघडा, हिशेबनिसाच्या नव्हे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात, तेव्हा क्लाउडची वर्गणी बंद करण्याआधी सगळी बिलं आणि खातेवह्या एक्सेलमध्ये उतरवून घ्या.