कुंडीला पाणी वार बघून नको, माती बघून घाला

बेळगावात पावसाळा लागला की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत, मग हॉलच्या कोपऱ्यातल्या मनी प्लांटची माती तरी कशी सुकणार सांगा, तरी रोज सकाळी तांब्याभर पाणी ठरलेलं आणि पानं पिवळी पडली की अजून एक तांब्या. नका घालू ओ! मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, माती कायम चिंब असली की हवा मिळत नाही आणि मुळं कुजतात.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा. ओल लागली, माती बोटाला चिकटली तर आज पाणी नको. कुंडी उचलून बघायची पण सवय लावा, कोरडी असली की लगेच हलकी लागते. स्नेक प्लांट, झीझी (ZZ प्लांट) यांची माती तर तळापर्यंत सुकू द्यायची, पावसाळ्यात तीन-चार आठवडे पाणी नाही मिळालं तरी चालतं त्यांना. पीस लिली तहान लागली की मान टाकून स्वतःच सांगते.

घालायचं तर भरपूर घाला की, सावकाश, सगळ्या बाजूंनी, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज कपभर शिंपडलं की फक्त वरचा थर भिजतो. अर्ध्या तासानं ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका.

निपाणी-चिकोडीकडची काळी माती नुसती भरू नका, पाणी धरून बसते, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि शेणखत मिसळा. एप्रिल-मे मध्ये उलटा त्रास, माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं झाडानं पिलं, अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या.

बोअरचं पाणी असेल तर त्यातल्या क्षारांनी मातीवर पांढरी खपली धरते, स्पायडर प्लांटची टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर बेस्टच.

आणि माती ओली असून झाड मलूल दिसलं, कुंडीला वास मारायला लागला तर पाणी बंद करा, झाड बाहेर काढा, काळी मऊ मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, पांढरी घट्ट मुळं ठेवा आणि नव्या, नुसत्या दमट मातीत लावा. नवीन पान फुटेपर्यंत खत देऊ नका.