बीओएम भरायचं काम मिळालंय? आधी स्टोअरमध्ये जाऊन या

कुंडई, वेर्णा, बेतोडा, तिवी, गोव्यातली कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या. डिप्लोमा किंवा बीएस्सी करून नव्याने लागलेल्या मुलामुलींच्या वाट्याला एक काम हमखास येतं: "एक्सेलमधले हे बीओएम ईआरपीत (म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चढव." देणाऱ्याला ते टायपिंग वाटतं आणि घेणाऱ्यालाही. मी कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका युनिटमध्ये प्लॅनिंग बघतो. स्टोअर आणि प्रॉडक्शन यांच्यातली निम्मी भांडणं ह्या टायपिंगमधून निघतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

बीओएम म्हणजे बिल ऑफ मटेरियल्स, एक नग तयार व्हायला कुठला माल किती लागतो त्याची यादी, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ह्या यादीवरून परचेस माल मागवतं, स्टोअर इश्यू करतं, प्रॉडक्शनला तेवढ्यात काम भागवावं लागतं आणि अकाउंट्स नगाची किंमत काढतं. यादी ज्या ड्रॉइंगवरून बनते ते मात्र ह्यातल्या एकाच्याही गरजेसाठी काढलेलं नसतं.

उदाहरण बघा. पॅनलच्या आत एमसीबी, रिले असे स्विच बसवायला ३५ मिलीमीटर रुंद धातूची पट्टी, म्हणजे डिन रेल, लागते. ड्रॉइंगवर लांबी ४५० मिलीमीटर. नवा माणूस बीओएममध्ये ०.४५ मीटर लिहितो आणि गणिताने ते बरोबरच असतं. १०० पॅनलांना ४५ मीटर, म्हणजे दोन मीटरच्या २३ रेल मागवल्या की झालं. आता स्टोअरमधल्या भाईंना विचारा. ते कटर दाखवून म्हणतील, "दोन मीटरच्या रेलमध्ये ४५०चे चारच तुकडे निघतात बाबा. उरलेला वीतभर तुकडा घेऊन मी काय करू?" म्हणजे १०० पॅनलांना २५ रेल लागणार. बीओएममध्ये आकडा हवा ०.५ मीटर. उरलेला तुकडा दुसऱ्या एखाद्या लहान पॅनलमध्ये खरोखर वापरला जात असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही विचारूनच कळतं. स्क्रीनसमोर बसून नाही कळत.

स्क्रॅप टक्क्याचंही तसंच. वायरीला पाच टक्के घट धरली तर काही सॉफ्टवेअर १०० मीटरचे १०५ करतात, काही १०० भागिले ०.९५ करून १०५.२६ काढतात. आपलं कुठल्या जातीचं आहे ते एका चाचणी ऑर्डरवर बघून घ्या. आणि रेलच्या ०.५मध्ये घट आधीच आली आहे, वर पुन्हा टक्का लावू नका.

बीओएमच्या आधी आयटम मास्टर, म्हणजे प्रत्येक मालाचा कोड, युनिट वगैरेची नोंद. इथे सर्वांत जास्त वेळ द्या. वायर विकत येते कॉइलमध्ये, बहुधा ९० किंवा १०० मीटरच्या. वापरली जाते मीटरमध्ये. स्टॉकचं युनिट मीटर ठेवा, खरेदीचं कॉइल, आणि मधे रूपांतराचा आकडा. ९० आणि १०० मीटरच्या दोन्ही कॉइल येत असतील तर एकच आकडा ठोकून चालणार नाही. ईआरपीनेक्स्ट नावाच्या ईआरपीमध्ये एकदा व्यवहार झाले की स्टॉकचं युनिट बदलता येत नाही, नवा आयटम कोड काढावा लागतो. एकाच रिलेचे तीन कोड सापडणं ही आमच्या धंद्यातली नित्याची गोष्ट आहे: कुणी मेक आधी लिहिलं, कुणी व्होल्टेज आधी, कुणी मधे स्पेस सोडली. कोड लिहिण्याची पद्धत कागदावर ठरलेली नसेल तर बीओएमला हात लावण्याआधी ती ठरवून मागा, मग भले नवखे म्हणून हसोत.

बीओएमच्या आत बीओएम, अशा पातळ्या किती करायच्या हा दुसरा घोळ. पॅनलचा दरवाजा, त्यावरचे लॅम्प आणि पुशबटणं वायरिंगसकट, ही उपजोडणी. तिला स्वतंत्र कोड आणि स्वतंत्र बीओएम द्यायचा का? मी एकच प्रश्न विचारतो: हा दरवाजा तयार होऊन रॅकवर थांबतो का? थांबत असेल, मोजला जात असेल, तर द्या. बेंचवरून थेट पॅनलला लागत असेल तर तो फँटम ठेवा. फँटमची वेगळी वर्क ऑर्डर (इतके नग बनवा असा हुकूम) निघत नाही, त्याचा माल मुख्य ऑर्डरमध्येच ओढला जातो. पुस्तकं वाचून आलेली मंडळी पाच-पाच पातळ्या उभ्या करतात आणि मग प्रत्येक पातळीची एंट्री करायला फ्लोअरवर माणूसच नसतो.

केबल टाय, फेरूल अशा किरकोळ मालाची प्रत्येक ओळ बीओएममध्ये घालू नये असं मला वाटतं. तो खर्चात टाका. अपवाद आमच्याकडचा खास आहे. समुद्रकाठच्या हॉटेलसाठी किंवा जेटीसाठी पॅनल असेल तर साधे स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात, स्टेनलेस स्टीलच्या म्हणजे एसएस ३०४ च्या स्क्रूंनाही डाग धरतात, म्हणून एसएस ३१६ घालतो. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही. शिवाय पावसाळ्यात आत दव धरू नये म्हणून छोटा हीटर आणि थर्मोस्टॅट. हे स्क्रू किरकोळ दिसतात, पण नसले तर पॅनल अडतं, आणि घाटात दरड कोसळली की बेळगावची गाडी कधी येईल ते सांगता येत नाही. अशी ओळ बीओएममध्ये पाहिजेच. किती दिवस आधी मागवायचं ते मात्र बीओएममध्ये नसतं, ते आयटम मास्टरमध्ये भरायचं. आणि सुट्ट्यांच्या यादीत चवथ (गणेशचतुर्थी) भरलेली आहे ना ते बघा, नाहीतर सॉफ्टवेअर त्या आठवड्यातही बिनधास्त प्रॉडक्शन लावतं.

समुद्रकाठचं आणि आतल्या भागातलं पॅनल ह्यांचे बीओएम वेगळे ठेवा, आयटम कोडही वेगळे. "तेवढे स्क्रू बदलून दे" असं तोंडी सांगून चालवलेला एकच बीओएम पहिल्या गर्दीच्या महिन्यात दगा देतो.

पावडर कोटिंग बाहेर होतं. तेव्हा बॉक्स जॉबवर्कला चलनावर जातो, रंगून परत येतो, आणि जीएसटीच्या नियमाप्रमाणे असा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. न रंगलेला आणि रंगलेला बॉक्स हे दोन वेगळे आयटम करा. एकच ठेवलात तर बाहेर किती बॉक्स आहेत ते कुणालाच सांगता येणार नाही.

आता रिव्हिजन, म्हणजे बीओएममधला बदल. समजा कॉन्टॅक्टरचा (मोटर वगैरे चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) मेक बदलला. ईआरपीनेक्स्टमध्ये सबमिट केलेल्या बीओएममध्ये माल बदलता येत नाही, नवी आवृत्ती काढून तिला डिफॉल्ट करावं लागतं. लोकांना हा जाच वाटतो. माझ्या मते ही त्या सॉफ्टवेअरची सर्वांत चांगली गोष्ट आहे. सॅप ह्या दुसऱ्या ईआरपीमध्ये सीएस०२ ही स्क्रीन उघडून बदल करता येतो, पण तिथेही बदल कोणत्या तारखेपासून लागू ते नोंदवून करायची शिस्त ठेवावी. बदल करण्याआधी हा माल आणखी कुठे वापरला जातो ते काढा; सॅपमध्ये त्यासाठी सीएस१५ आहे. मग जुन्या मेकचा साठा बघा. वीस कॉन्टॅक्टर पडून असतील तर ते संपल्यावर बदल लागू होणार की आजच, हे तुम्ही ठरवायचं नाही. विचारायचं आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं.

एक गोष्ट नव्यांना हमखास चकवते. आधीच निघालेल्या वर्क ऑर्डरवर नवा बीओएम आपोआप चढत नाही. ऑर्डर निघताना मालाची यादी तिच्यात उतरते आणि तिथेच राहते. म्हणून रिव्हिजननंतर चालू ऑर्डरी एकेक उघडून बघाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

नोकरी लागण्याआधी शिकायचं असेल तर क्लासला पैसे घालू नका. लहान कारखान्यांत हिशेबाचं टॅली प्राइम असतं, त्यात स्टॉक आयटमला घटक लावून मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (उत्पादनाची नोंद) कसं मारतात ते कुठल्याही अकाउंटंटकडून तासाभरात कळेल. पण पातळ्या आणि रिव्हिजन शिकायला ईआरपीनेक्स्ट बरं. ते मुंबईत तयार झालेलं, मुक्त स्रोत आहे, घरच्या कॉम्प्युटरवर चालवता येतं. घरातला एखादा जुना एक्स्टेन्शन बोर्ड, भिंतीच्या सॉकेटमधून प्लग काढून ठेवलेला, उघडा. सॉकेट, स्विच, इंडिकेटर, फ्यूज, वायर, प्लग, स्क्रू. तीन पिनांचा प्लग वायरीसकट उपजोडणी करा, दहा बोर्डांची वर्क ऑर्डर काढा, आणि ती चालू असतानाच वायर दीड मीटरवरून तीन मीटर करा. मुलाखतीला जाताना जुन्या ऑर्डरवर काय दिसलं आणि नव्या ऑर्डरवर काय, एवढं सांगता आलं पाहिजे. समोरचा प्लॅनिंगमधला असेल तर फँटमची व्याख्या बहुतेक विचारणारच नाही.