काळसर बेल्जियन व्हीट बिअर कशी चाखावी

बेल्जियन पद्धतीची व्हीट बिअर, म्हणजे विटबिअर, ओळखायला सोपी. फिकट, ढगाळ, वर दाट पांढरा फेस, नाकाशी संत्र्याची साल आणि धने. हीच बिअर कोणी भाजलेल्या माल्टने, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याने, काळी करून पुढ्यात ठेवली, की सरावलेली जीभही गडबडते. रंग दिसताच मेंदू 'स्टाउट', म्हणजे कॉफीसारखी भाजकी काळी बिअर, असा निकाल देऊन टाकतो. मग आपण कॉफी शोधत बसतो, ती फारशी सापडत नाही, आणि चांगली बिअर 'पाणचट' ठरते.

रंग नाकाला किती फसवतो हे २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी दाखवलं. त्यांनी पांढऱ्या वाइनला वासरहित लाल रंग दिला, आणि वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. काळ्या विटबिअरचं नेमकं हेच होतं. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच गोष्टीसाठी आहे: आधी गहू, धने आणि संत्रं शोधायचं, भाजकेपणाकडे त्यानंतर वळायचं.

ही बिअर काळी होते कशी

विटबिअरचं नाव हूगार्डन या बेल्जियन गावाशी जोडलेलं आहे. १९५० च्या दशकात तिथली शेवटची ब्रुअरी बंद पडली आणि पुढच्या दशकाच्या मध्यावर पिएर सेलिस या दूधवाल्याने ती बिअर पुन्हा गाळायला घेतली. सुमारे निम्मा मोड न आणलेला गहू, बाकी फिकट बार्ली माल्ट, कधी थोडे ओट्स, धने आणि कुरासाओ या कडू संत्र्याची सुकी साल. मद्यार्क साधारण ४.५ ते ५.५ टक्के, कडवटपणा ८ ते २० आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक), म्हणजे कमीच.

काळेपणासाठी फार काही लागत नाही. २० लिटरच्या घाण्यात साडेचार किलो धान्य असेल, तर त्यातलं २०० ग्रॅम गडद भाजलेलं माल्ट बिअर तपकिरी-काळी करायला पुरतं. जाणते लोक टरफल काढलेलं माल्ट वापरतात, कारण करपट तुरटपणा बराचसा टरफलातून येतो. धान्याचा उरलेला पंच्याण्णव टक्के भाग विटबिअरचाच आहे, हे चाखताना लक्षात ठेवा. विटबिअरचे मसाले आणि गडद रंग यांची जोडी बेल्जियमला नवीनही नाही. सेलिसच्याच ब्रुअरीतली 'फरबोडन फ्रुख्ट' ही ८.५ टक्क्यांची बिअर गडद होती, आणि तिच्यातही धने नि संत्र्याची साल होती.

जर्मन डुंकेलवाइझेनशी हिची गल्लत होते. तीही गव्हाची आणि गडद, पण तिच्यात मसाला घालत नाहीत. तिचा केळ्या-लवंगेचा वास सगळा यीस्टचा असतो.

बिअर मिळवणं आणि सांभाळणं

काळी विटबिअर दुकानात क्वचित दिसते. गोव्यातल्या लहान ब्रुअरींच्या टॅपवर ती एखाद्या हंगामापुरती येते, तेव्हा तिथे विचारत राहा. सोबत तुलनेला फिकट विटबिअरची एक बाटली हवीच. हूगार्डन चालेल किंवा गोव्यातलीच 'माका दी'ची बेल्जियन ब्लांश. दोघांना चाखायला दोन्हींची एकेक ३३० मिलिलिटरची बाटली भरपूर झाली.

तारीख पाहा. विटबिअर मुरत ठेवायची नसते. मसाल्याचा वास काही महिन्यांतच मावळतो. ऊन लागणाऱ्या काचेच्या कपाटातली बाटली घेऊ नका, हिरवी किंवा पारदर्शक तर नकोच. उजेडाने हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतल्या, कडू द्रव्यांपासून गंधकयुक्त उग्र वास तयार होतो आणि तो पुन्हा जात नाही. घरी आणताना गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली तरी बिघडते. फ्रिजमध्ये उभी ठेवा, किमान एक रात्र, म्हणजे गाळ तळाशी बसेल.

जागा

पंखा बंद करा. गोव्याच्या उकाड्यात हे कठीण आहे, तरी पहिली दहा मिनिटं तेवढी कळ काढा, कारण ग्लासावर जमलेला वास वारा उडवून नेतो आणि धने-संत्र्याचा वास सगळ्यात आधी उडतो. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, मासळी तळायचा वास हे सगळं दूर हवं. संध्याकाळी हाताला डासांचं मलम चोपडलं असेल तर हात धुऊन बसा. ग्लास ओठाशी नेला की नाक मनगटाच्या अगदी जवळ येतं, ही चूक हमखास होते. किनाऱ्यावर उघड्यावर बसून पिण्याला गोव्यात बंदी आहे, आणि तसंही तिथल्या वाऱ्यात काही कळणार नाही.

नाकाची तयारी

हा भाग गाळू नका. सहा वाट्या घ्या आणि प्रत्येकीवर बशी झाका:

१. दहा-बारा कच्चे धने, जाडसर कुटलेले
२. तेवढेच धने, कोरडे भाजून कुटलेले
३. संत्र्याच्या सालीची बोटभर पट्टी, दुमडून मोडलेली
४. एक लवंग, ठेचून
५. अर्धा चमचा कॉफी पावडर
६. सुपारीएवढा माडाचा काळा गूळ

बशी उचला, दोन छोटे हुंगे घ्या, पुन्हा झाका. पहिल्या दोन वाट्यांवर जास्त वेळ द्या. कच्च्या धन्यांत लिंबाच्या फुलासारखा हलका, वर तरंगणारा वास असतो. त्यातलं मुख्य सुगंधी द्रव्य लिनालूल. भाजल्यावर तो वास खाली उतरतो, खमंग होतो. फिकट आणि काळ्या विटबिअरमधला फरक ओळखायला याहून चांगली किल्ली नाही. ज्या घरात शागोतीचं, म्हणजे गोव्याच्या मसालेदार रश्श्याचं, वाटण भाजलं जातं, तिथल्या नाकाला तो मुळात ठाऊकच असतो. गूळ आणि रसबाळी केळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतील. केळ्याची एक फोड सातवी वाटी म्हणून ठेवली तर यीस्टचा फळासारखा वासही पक्का होतो.

ग्लास आणि तापमान

वाइनचा ग्लास किंवा ट्यूलिप ग्लास, तीनशे मिलिलिटरच्या वरचा, त्यात बिअर फक्त शंभर मिलिलिटर. ग्लास बिनवासाच्या साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने दोनदा खंगाळा, उपडा घालून वाळवा. फडक्याने पुसू नका. फ्रीजरमधला बर्फाळ ग्लास नको. संत्र्याची फोडही अडकवू नका. ती फेस बसवते, आणि बिअरमधलं संत्रं किती हेच कळेनासं होतं.

फिकट विटबिअर ४ ते ७ अंशांवर छान लागते. काळीला ८ अंशांपासून सुरुवात करून १२ पर्यंत जाऊ द्या. फ्रिजमधून काढल्यावर गोव्यातल्या खोलीत दहा मिनिटं बाहेर ठेवली की पुरे. मे महिन्यात त्याहून कमी. फार गार असली तर भाजकेपणा नुसता कडू लागतो आणि मसाला मुका राहतो.

ओतणं

ग्लास तिरपा धरून आधी वरची निवळ बिअर ओता, शेवटी ग्लास सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. बाटलीत तळाला तिसरा हिस्सा राखून ठेवा. पहिला ग्लास चाखून झाल्यावर बाटली हलक्या हाताने गोल फिरवा आणि गाळासकट दुसऱ्या ग्लासात ओता. गाळाचा घोट जास्त मऊ, पिठूळ आणि किंचित पावासारखा लागतो. कॅन असेल तर उघडण्याआधी एकदा सावकाश उलटासुलटा करा आणि ही तुलना सोडून द्या.

आता मोबाइलचा दिवा ग्लासाच्या मागे धरा. कडेला तांबूस, कोकमाच्या पाण्यासारखी छटा आणि आत धूसरपणा दिसायला हवा. फेस फिकट बदामी आणि टिकाऊ असतो, कारण गव्हातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. फेस मिनिटभरात विरला तर आधी ग्लासाच्या किंवा ओठांच्या तेलकटपणावर संशय घ्या. तळलेले बांगडे खाऊन बसलात तर दोष बिअरचा नव्हे.

हुंगणं

फेस असतानाच पहिला हुंगा, डोळे मिटून. वर उडणारा वास आधी येतो: संत्रं, कच्चे धने. ग्लास गोल फिरवून दुसरा हुंगा, त्यात लवंग-मिरीसारखा तिखटपणा आणि जरासं फळ. मग ग्लास टेबलावर ठेवून तीन-चार मिनिटं थांबा. बिअर कोमट होत जाते तसे कोको, पावाचं कवच, गूळ वर येतात. या तिन्ही वेळचे शब्द वेगवेगळे लिहून ठेवा. तिन्ही वेळी एकच शब्द लिहावा लागला, तर बिअर एकसुरी आहे किंवा फार गार आहे.

घोट

पहिला घोट निकालासाठी धरू नका. त्याने तोंड फक्त सवयीला लागतं. दुसरा मोठ्या चमच्याएवढा घ्या, जिभेवर तीन सेकंद फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. निम्मा स्वाद या सुटणाऱ्या श्वासात असतो, म्हणून इथे थुंकून टाकण्याची पद्धत नाही.

चांगल्या काळ्या विटबिअरमध्ये आधी पावासारखा गोडवा येतो, मग गव्हाची हलकी आंबूस झाक, मध्यावर संत्रं-धने, आणि गिळल्यानंतर कोको. शेवट कोरडा, पण घसा न ओढणारा. संत्रं आणि कोको एकत्र आले की संत्र्याच्या चॉकलेटचा भास होतो. ती या बिअरची खरी कमाई. तोंडात पोत रेशमी हवा, पातळ नव्हे.

सर्वात अवघड जागा आहे आंबटपणाची. गव्हाची बिअर मुळात किंचित आंबूस, भाजलेलं माल्टही आम्ल वाढवतं, वर विटबिअरमध्ये वायू भरपूर. तिन्ही एकावर एक चढले की घोट टोचतो, बराच वेळ ठेवलेल्या काळ्या कॉफीसारखा. तसं वाटलं तर ग्लास जोरात फिरवून वायू घालवा आणि पुन्हा चाखा. टोचणं कमी झालं तर वायू जास्त होता. तसंच राहिलं तर माल्टचं प्रमाण चुकलं आहे.

दोन ग्लासांच्या मध्ये साधं पाणी आणि उंड्याचा, म्हणजे गोव्यातल्या गोल पावाचा, मऊ भाग. पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, नको, तिचा कोंडा गव्हाच्या चवीत मिसळतो.

काय बिघडलं हे ओळखायचं कसं

राखेसारखी चव आणि फार उकळलेल्या चहासारखा तुरटपणा: गडद माल्ट जास्त किंवा टरफलासकट. साबण किंवा सेलरीच्या देठासारखा वास: धने जास्त झाले किंवा फार वेळ उकळले, ते उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालायचे असतात. सालीचा चिवट कडूपणा: संत्र्याचा आतला पांढरा थर सोबत गेला.

इस्पितळासारखा, चिकटपट्टीसारखा वास निराळा. लवंगेशी त्याची गल्लत होते, कारण दोन्ही फिनॉल या एकाच कुळातली द्रव्यं आहेत. पाण्यातलं किंवा धुण्याच्या रसायनातलं क्लोरीन फिनॉलला भेटलं की तो तयार होतो, आणि अगदी थोडाही जाणवतो. चौथी वाटी पुन्हा हुंगा: लवंग उबदार असते, हा वास थंड आणि कोरडा.

ओला पुठ्ठा किंवा शिळ्या मनुकांसारखी चव म्हणजे हवा लागलेली, जुनी बिअर. लोण्याचा वास म्हणजे डायॅसिटिल. आंबवणं घाईत उरकलं किंवा टॅपची नळी अस्वच्छ. टॅपची बिअर लोण्याबरोबर आंबटही लागली तर नळीचाच संशय घ्या आणि काउंटरवर शांतपणे सांगा; चांगली जागा ग्लास बदलून देते.

काळी मिळालीच नाही तर

चार ग्लासांत प्रत्येकी ६० मिलिलिटर फिकट विटबिअर घ्या. पहिला तसाच ठेवा, बाकीच्यांत ५, १० आणि २० मिलिलिटर कोरडी स्टाउट घाला. खऱ्या काळ्या विटबिअरची बरोबरी याने होत नाही, शेवटचा ग्लासही तांबूस-तपकिरीच राहतो, पण भाजकेपणा कुठल्या ग्लासात संत्र्याला गिळतो हे अचूक कळतं. बहुतेकांना धने आधी दबलेले जाणवतात, संत्रं नंतर.

दोन्ही बिअर हाताशी असतील तर दुसऱ्याकडून तीन ग्लास भरून घ्या, दोन एकीचे आणि एक दुसरीचा, आणि डोळे बांधून वेगळा कुठला ते ओळखा. रंग नसताना हे वाटतं त्याहून बरंच कठीण जातं.

सोबत काय खावं

खाणं चाखून झाल्यावरच. चोरीस, म्हणजे गोव्याच्या तिखट सॉसेजचा पाव, मोहात पाडतो, पण त्यातला शिर्का बिअरच्या आम्लावर चढतो आणि वायू मिरचीचा जाळ वाढवतो. काफ्रियाल, म्हणजे हिरव्या मसाल्यातलं कोंबडीचं मांस, त्याहून बरं, मिरची बेताची असेल तर. बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाच्या तुपाला आणि नारळाच्या दुधाला वायू कापतो, आणि भाजलेल्या थरांना बिअरमधला कोको भेटतो. बिअर या वेळी बारा अंशांची हवी. पण पहिला मान शागोतीचा. भाजलेलं खोबरं आणि भाजलेले धने तिच्या वाटणातच आहेत. रस्सा दाट, तिखट मध्यम ठेवा, आणि गाळासकट ओतलेला दुसरा ग्लास तिच्यासाठी राखून ठेवा.