कठीण काळात वही कशी वापरायची

नोकरी गेली, घरातलं माणूस गेलं, लग्न मोडलं, मोठं आजारपण निघालं की 'यातूनही काही चांगलंच होईल' म्हणणारे बरेच भेटतात. पहिले काही आठवडे त्यांच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. तेव्हा काम एवढंच असतं: ठरलेल्या वेळी उठणं, दोन वेळ जेवणं, दिवसातून एकदा घराबाहेर पडणं आणि एका तरी माणसाशी बोलणं. झोप उडालेली असताना अर्थ शोधायला बसलं, तर हाती बहुतेक वेळा स्वतःला दिलेली दूषणंच लागतात.

दिवसाची घडी जरा बसली की वही काढा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम छोटाच दिसला आणि सगळ्यांना सारखा झाला नाही. पण खर्च एका वहीचा आहे.

लिहायला बसताना १५ मिनिटांचा गजर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शुद्धलेखन बघू नका, खोडू नका, हात थांबू देऊ नका. सुचेनासं झालं तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा. हे कुणाला दाखवायचं नाही, हे आधीच ठरवा. वाचणारा डोळ्यांसमोर आला की माणूस नकळत सारवासारव करतो. झोपण्याच्या तोंडावर मात्र लिहू नका. लिहून झाल्यावर तासभर मन जड राहतं, तसं होणारच. एखादी गोष्ट लिहिताना आपण कोलमडू असं वाटलं, तर तिथेच थांबा आणि दुसरा विषय घ्या.

पहिल्या दिवशी काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यातला सर्वांत बोचणारा क्षण घ्या. तिसऱ्या दिवशी 'मी' सोडा आणि स्वतःचं नाव घेऊन लिहा, जणू ओळखीच्या माणसाची हकिगत सांगताय. विचित्र वाटतं, पण त्या दोन हात अंतरामुळे आपण स्वतःला जरा न्यायाने वागवतो. चौथ्या दिवशी धागे जोडा: हे कशामुळे झालं, आता काय लक्षात येतंय.

फरक असा दिसतो. पहिल्या दिवशी: 'मला काढून टाकलं. मी कुचकामी आहे.' चौथ्या दिवशी: 'विभाग बंद झाला म्हणून काढलं. मला लागलं ते पगारापेक्षा जास्त याचं, की दहा वर्षांत मी कामाबाहेर कुणाला ओळखतच नव्हतो.' चौथ्या दिवसाच्या लिखाणात 'म्हणून' आलंय आणि पुढे काय करायचं याचा पत्ताही आलाय. पेनेबेकर यांच्या विश्लेषणातही 'कारण', 'लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द दिवसागणिक वाढत गेलेल्यांनाच जास्त फायदा झालेला दिसला.

फसतं ते इथेच. चारही दिवस तीच तक्रार त्याच शब्दांत उतरली, तर ते लिखाण नव्हे, उगाळणं झालं. पाचवा दिवस घेऊ नका. वही मिटा आणि कुणाशी तरी बोला.

चौथ्या पानाखाली एक काम लिहा, दहा मिनिटांत होणारं, वार आणि वेळ टाकून. 'माणसं जोडायची' हे काम नाही. 'शनिवारी सकाळी दहाला, चहा झाला की जुन्या मित्राला फोन' हे काम आहे. शनिवारी फोन झाला नाही, तर काम मोठं होतं असं समजा आणि निम्मं करा: दोन ओळींचा निरोप.

दोन आठवडे रोज उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, झोप-भूक गेली आहे, तर वही पुरणार नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. जगणं संपवण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका.

महिन्याभराने पानं परत वाचा. आघातानंतरच्या वाढीचा, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर माणसात होणाऱ्या चांगल्या बदलांचा, अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टेडेस्की आणि कॅल्हून हे बदल पाच ठिकाणी शोधतात: इतरांशी नातं, नव्या वाटा, स्वतःच्या ताकदीची जाणीव, आयुष्याची किंमत आणि अध्यात्म. पाच रकाने आखा. पुरावा असेल तरच भरा: 'खंबीर झालो' नको, 'पहिल्यांदा मदत मागितली' चालेल. वाढ दिसली म्हणून दुःख गेलेलं नसतं, दोन्ही एकाच घरात राहतात. रकाना रिकामा असेल तर रिकामाच ठेवा आणि बाजूला तारीख टाका.