राउटरच्या फ्लॅशमधून मॅक ॲड्रेस काढताना या चुका टाळा

राउटरला ओपनडब्ल्यूआरटीचा, म्हणजे राउटरसाठीच्या लिनक्स-आधारित मुक्त फर्मवेअरचा, सपोर्ट लिहिताना बूट, पोर्ट आणि वायफाय मार्गी लागलं, की मॅक ॲड्रेसचं (नेटवर्कवर उपकरण ओळखणाऱ्या सहा बाइटांच्या पत्त्याचं) काम घाईत उरकलं जातं. मिळत्याजुळत्या मॉडेलच्या डिव्हाइस ट्रीमधला (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधला) ऑफसेट, म्हणजे फ्लॅशमध्ये पत्ता कितव्या बाइटपासून आहे तो आकडा, उचलायचा आणि पुढे जायचं. असं करू नका. मीडियाटेक वायफायच्या कॅलिब्रेशन डेटात (रेडिओच्या जुळणीच्या मोजमापांत) ऑफसेट ४ वर मॅक असतो, हे खरं; पण लॅन (घरातलं नेटवर्क) आणि वॅन (इंटरनेटची बाजू) यांचे पत्ते कुठे ठेवायचे, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

म्हणून मूळ फर्मवेअर काढण्याआधीच लॅन, वॅन आणि दोन्ही रेडिओंचे पत्ते लिहून घ्या. संपूर्ण फ्लॅशचा बॅकअप घ्या, हेक्सडंप (प्रत्येक बाइट दोन हेक्स अंकांत दाखवणारी यादी) काढा आणि राउटरच्या स्टिकरवरच्या मॅकचे सहा बाइट त्यात शोधा.

दर रीबूटला पत्ता बदलतोय? मग ऑफसेट बहुधा कोऱ्या जागेवर पडलाय. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळीकडे एफएफ (सगळे बिट १) असतं, तो पत्ता लिनक्स कर्नल वैध मानत नाही आणि ड्रायव्हर यादृच्छिक पत्ता बनवतो. अशा यादृच्छिक पत्त्याचा दुसरा हेक्स अंक नेहमी २, ६, ए किंवा ई असतो.

हेक्सडंपमध्ये सहा बाइट सापडतच नसतील, तर पत्ता मजकूर म्हणून साठवलेला असू शकतो. यू-बूट या बूटलोडरच्या एनव्हायर्नमेंटमध्ये (साठवलेल्या सेटिंगमध्ये) तो 'ईथॲडर' या नावापुढे कोलनसकट १७ अक्षरांत असतो. तो चुकून बायनरी म्हणून वाचला, तर तिसरा आणि सहावा बाइट ३ए, म्हणजे कोलन दिसतो. ही खूण लक्षात ठेवा, पुष्कळ वेळ वाचेल.

वॅन म्हणजे लॅन अधिक एक, हेही गृहीत धरू नका. काही राउटरमध्ये तो एकने कमी असतो, काहींत वेगळाच साठवलेला असतो. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये बेरीज करत असाल, तर शेवटचा बाइट एफएफ असताना हातचा त्याच्या डावीकडच्या बाइटात जातो का, ते तपासा. आणि सगळ्या नगांना एकच पत्ता कधीच लिहून देऊ नका: एकाच नेटवर्कवर असे दोन राउटर आले, की कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे हा स्विचचा तक्ता सतत उलटसुलट होतो आणि कनेक्शन अधूनमधून तुटतं. आपल्याकडे अनेक केबलवाले ग्राहकाचं कनेक्शन वॅनच्या मॅकशी बांधतात. तिथे चुकीच्या पत्त्यावर इंटरनेटच मिळत नाही.

फॅक्टरी पार्टिशन (फ्लॅशमधला कारखान्यात भरलेला भाग) डिव्हाइस ट्रीमध्ये केवळ-वाचनीय ठेवा. त्यातलं रेडिओ कॅलिब्रेशन त्या एका नगापुरतं मोजलेलं असतं. बॅकअप नसताना ते पुसलं गेलं, तर दुसऱ्या राउटरमधून आणून भागत नाही.