पोरगं एकटंच बोलतं, तेव्हा काय ऐकायचं

चार-पाच वर्षांचं पोरगं ज्वारीच्या धांड्यांची बैलबंडी करत बसतं आणि तोंड चालूच असतं: "हे अठी लावू... नाही बसत... उलटं करून पाहतो." हा आजार नाही आणि बाहेरची बाधाही नाही. ते मोठ्यानं विचार करत असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉत्स्की (1896-1934) यांनी हेच मांडलं: मूल आधी दुसऱ्याशी बोलायला शिकतं, मग त्याच शब्दांनी स्वतःला वाट दाखवतं आणि शेवटी ते बोलणं मनात जातं. साधारण दोन-तीन वर्षांच्या वयात हे सुरू होतं, चार ते सहात भरपूर असतं. सात-आठच्या पुढे पुटपुटणं आणि नुसते ओठ हलणं उरतं. काम अवघड झालं की बोलणं वाढतं, म्हणून मोठी मुलंही वजाबाकी करताना पुटपुटतात.

तरी शंका असेल तर आठवडाभर लांबून पाहा आणि वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, हातात काय होतं, नेमके शब्द, आणि हाक मारल्यावर वळला का. सर्वात महत्त्वाचे ते शब्द. ते हातातल्या कामाशी जुळत असतील तर निश्चिंत राहा. खोट्या सवंगड्याशी बोलणं, दोघांचे आवाज काढणं हा खेळ आहे. खेळ संपला की तो आईजवळ येतो, जेवण मागतो. घरी वऱ्हाडी, गोंडी किंवा कोरकू आणि शाळेत पुस्तकी मराठी असेल, तर पोरगं नवे शब्द एकटंच घोळवतं. तो त्याचा सराव आहे.

त्याला गप्प करू नका. मधेच दटावलं की हातातलं कामही सुटतं, आणि पाहुण्यांसमोर हसलं की पोरगं लपून बोलायला लागतं. मग तुम्हाला ऐकायलाच मिळत नाही. अडला तर उत्तर सांगू नका, "आता काय लावतोस?" एवढंच विचारा. वर्गात आवाजाचा त्रास होत असेल तर गुरुजींनी "हळू, ओठातल्या ओठात" म्हणावं. "गप्प बस" म्हटलं तर गणितही थांबतं.

आता काळजीची लक्षणं. ऐकलेली वाक्यं किंवा मोबाइलमधल्या जाहिराती संदर्भाशिवाय तशाच म्हणत राहणं, नावानं हाक मारली तरी न वळणं, बोट दाखवून काही न मागणं, दोन वर्षांचा होऊनही स्वतःहून दोन शब्द न जोडणं, किंवा येत असलेलं बोलणं बंद होणं. यातलं एकही असेल तर आधी कान तपासून घ्या. घरी टाळी वाजवून पाहू नका, हवेचा झोत किंवा हालचाल कळूनही मूल वळतं. मुलांची आरोग्य तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. अंगणवाडी सेविकेला तारीख विचारा आणि वही दाखवा. पथक पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवू शकतं. पथक यायला वेळ असेल तर वाट पाहू नका, सरकारी दवाखान्यात जा.

दहा-बारा वर्षांचा मुलगा कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं बोलतो, घाबरतो, झोपत नाही, शाळा-मित्र सोडतो, तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

एक गोष्ट मात्र तासाचीही वाट न पाहण्यासारखी. ठीक असलेलं पोरगं अचानक असंबद्ध बरळायला लागलं, तर ताप, वावरात फवारलेलं औषध किंवा धोत्र्याच्या बिया हे कारण असू शकतं. धोत्र्यात तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, चेहरा लाल होतो, मूल हवेत काही पकडल्यासारखं करतं. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. अंगावर औषध सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा. 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा धोत्र्याचं बोंड सोबत घ्या.